एक अवयव दुखावतो तेव्हा





जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी बाकावर, एका बापाने मला विचारलेला प्रश्न गेली दोन वर्षे माझ्याजवळ आहे. आमच्या जमातीतील त्याच्या चोवीस वर्षांच्या मुलाच्या मोटारसायकलला टेम्पोने धडक दिली होती. मांडीचे हाड मोडले, तीन बरगड्या मोडल्या, रक्त बरेच गेले. परंतु रक्तस्राव थांबवण्यात डॉक्टरांना यश आले, हाडाला आधार मिळाला, डोक्याला इजा नव्हती. दुसऱ्या दिवशी मुलगा शुद्धीवर होता. आईशी बोलला, गाडीचे काय झाले तेही त्याने विचारले. चौथ्या दिवशी ताप भरला, धाप लागली. सहाव्या दिवशी तो व्हेंटिलेटरवर होता आणि मूत्रपिंडे काम करेनाशी झाली होती. रक्ताच्या तपासणीत जंतू सापडत नव्हते. बाप म्हणाला, "मौलाना, हाड बसवलं, रक्त थांबलं, मेंदू शाबूत आहे. मग माझ्या पोराला मारतंय तरी कोण?"

डॉक्टरांनी त्याला उत्तर दिले होते, पण ते त्याला पटले नव्हते. आणि खरे सांगायचे तर मलाही त्या दिवशी ते कळले नव्हते. उत्तर असे होते की मुलाला जखम मारत नाही. जखमेला त्याच्याच शरीराने दिलेले प्रत्युत्तर मारते आहे.

त्याच वेळी खाली, वाहने लावण्याच्या जागेत, वस्तीतील पंधरा-वीस तरुण जमले होते. टेम्पोचालकाचे गाव कोणते, हे त्यांना समजले होते. वर एक प्रत्युत्तर चालू होते, खाली दुसरे सुरू होण्याच्या बेतात होते, आणि मी जिन्यात उभा होतो. वाचकहो, तुमच्यापुढे ठेवायचा प्रश्न त्या जिन्यातला आहे. ज्या प्रत्युत्तराचे कारण पूर्णपणे न्याय्य आहे, ते स्वतः अन्याय केव्हा होते? आणि ज्याला जखम झाली आहे त्याला 'आता आवर' असे सांगण्याचा अधिकार कोणाला, आणि केव्हा?

प्रथम शरीराकडे पाहू. कापले, भाजले, मोडले की ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकते. ही चार लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने एकत्र नोंदवली. वैद्यकाच्या भाषेत याला दाह म्हणतात. दाह हाच रोग आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. जॉन हंटर या इंग्लंडमधील शल्यविशारदाचा बंदुकीच्या जखमांवरील ग्रंथ त्याच्या निधनानंतर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने दाह ही उपकारक क्रिया असल्याचे प्रतिपादन केले. १८८२ मध्ये इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला! सूज म्हणजे मदतीला धावून आलेल्यांची गर्दी आहे, हे तेव्हापासून वैद्यकाला उमगू लागले. मेचनिकॉव्हला १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट असावी. दाह ही अल्लाहची देणगी आहे. ज्याच्या पांढऱ्या पेशी जखमेकडे धावत नाहीत, तो साध्या ओरखड्यानेही दगावू शकतो. इमाम ग़ज़ाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये क्रोधाविषयी हेच म्हटले आहे. क्रोधाच्या तीन अवस्था ते सांगतात: उणीव, अतिरेक आणि समतोल. ज्याच्या ठायी क्रोध मुळीच नाही, त्याची ते प्रशंसा करीत नाहीत. आपल्या घरच्या अब्रूवर घाला पडला तरी ज्याला काहीच वाटत नाही, त्याचे हे वैगुण्य आहे, सबर नव्हे. आपल्याकडे थंडपणालाच दीनदारी समजणारे लोक आहेत, म्हणून हे आधी सांगितले.

आता थोडे पुढे जाऊ. जखम मांडीला होते. पण ती गोष्ट मांडीपुरती राहत नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे डेव्हिड कथबर्टसन या वैद्यकाने हाड मोडलेल्या रुग्णांचा अभ्यास करून १९३० मध्ये दाखवले की पाय मोडला तरी सारे शरीर आपली प्रथिने खर्ची घालू लागते. धडधाकट स्नायू झिजतात, कारण दुरुस्तीचा माल त्यांच्यातून काढला जातो. तापमान वाढते, हृदय जलद चालते, झोप उडते. ज्या अवयवांना साधे खरचटलेलेही नाही, तेही या कामात ओढले जातात.

हे वाचताना तुम्हाला एक हदीस आठवली असेल. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की परस्परांवरील प्रेम, दया आणि जिव्हाळा यांत श्रद्धावंतांची उपमा एका देहाची आहे. एक अवयव तक्रार करू लागला की उरलेला देह जागरणाने आणि तापाने त्याला साथ देतो. ही हदीस आपण सभांतून फार वेळा ऐकतो. बहुधा ती एकजुटीसाठी सांगितली जाते, आणि एकजूट म्हणजे कोणाच्या तरी विरुद्ध उभे राहणे, असा तिचा अर्थ श्रोते मनातल्या मनात लावून मोकळे होतात. परंतु शब्द नीट पाहा. त्या उपमेत हात उगारला जात नाही, मूठ वळली जात नाही. उरलेला देह काय करतो? जागतो आणि तापतो. जे सोसायचे ते स्वतः सोसतो. आणि आरंभी ज्या तीन गोष्टींचा उल्लेख आहे त्या तिन्ही ममतेच्या आहेत. त्यांत शौर्यसुद्धा नाही.

खाली जमलेल्या त्या मुलांविषयी न्यायाने बोलले पाहिजे. अपघाताच्या रात्री रक्त त्यांनीच दिले होते. दोन दोन रात्री ती रुग्णालयाच्या फरशीवर झोपली होती, आळीपाळीने औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावत होती. ही हदीस त्यांनी पहिल्याच रात्री पाळली होती. सहाव्या दिवशी खाली जे जमले ते त्याच प्रेमाचे पुढचे रूप होते. अडचण इथेच आहे. ते द्वेषातून आले असते, तर त्याला नाव ठेवणे सोपे होते.

शरीरातही नेमके असेच घडते. गंभीर जखमी रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींचा अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १६७ जखमींच्या पेशींतील जनुकांचे काम तपासले, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक जनुकांचे वर्तन बदललेले आढळले. म्हणजे पेशीचा जवळजवळ सारा कारभारच हलला होता. परंतु मला थांबवले ते त्यातील दुसऱ्या निष्कर्षाने. जे सुखरूप बरे झाले आणि ज्यांची प्रकृती गुंतागुंतीची होऊन खालावली, त्या दोघांत जागी झालेली जनुके वेगळी नव्हती. आग एकच होती. फरक होता तो तिच्या प्रमाणाचा आणि ती किती काळ जळत राहिली याचा.

नीतिशास्त्रात आपण सहसा उलट गृहीत धरतो. चांगली कृती आणि वाईट कृती यांची मुळेच वेगळी असतात, असे आपल्याला वाटते. म्हणून रागावलेला माणूस आपल्या कारणाकडे बोट दाखवतो: "माझे चुकले असे म्हणता? आधी त्याने काय केले ते पाहा." त्याने केले ते खरेच असते. पण कारण खरे असल्याने मोजमाप खरे ठरत नाही. हक्क ही एक गोष्ट आहे आणि हद्द ही दुसरी. कुरआन या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देत नाही. सूरह बनी इस्राईलच्या ३३व्या आयतीत अन्यायाने मारल्या गेलेल्याच्या वारसाला स्पष्ट अधिकार दिला आहे, आणि त्याच वाक्यात मारण्यात मर्यादा ओलांडू नये असे त्याला बजावले आहे. अधिकार आणि लगाम एकाच श्वासात. ज्याचा हक्क निर्विवाद आहे, त्यालाच लगामाची गरज असते. ज्याला हक्कच नाही त्याला लगाम कशासाठी?

मर्यादा ओलांडली की काय होते, हेही शरीर दाखवते. आपल्या बहुतेक पेशींत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म कण असतात. त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. त्यांचे स्वतःचे जनुकीय द्रव्य असते आणि त्यांची घडण काही बाबतींत जिवाणूंशी मिळतीजुळती असते. मोठा मार लागून पेशी चिरडल्या की हे कण फुटून रक्तात मिसळतात. २०१० मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवले की संरक्षक पेशी या अवशेषांना शत्रू समजतात. जंतू एकही नसतो. तरी जंतूंवर करावा तसा हल्ला सुरू होतो. मग रक्तवाहिन्यांची अस्तरे सैल पडतात, फुप्फुसांत पाणी झिरपते, मूत्रपिंडे बंद पडतात. ज्यांचा अपघाताशी संबंध नव्हता ते अवयव, त्यांच्या रक्षणासाठी नेमलेल्या पेशींच्या हातून, निकामी होतात. त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

वाचकहो, तुमच्या वस्तीत असे कधी घडलेले नाही काय? कुठे तरी दगड पडतो, कुणाला तरी मारहाण होते. ती जखम खरी असते, तिचे दुःख खरे असते. मग तिची चित्रफीत मोबाईलवरून फिरते. ज्याने ती दहादा पाहिली त्याला दहा जखमा होतात. दुसऱ्या दिवशी जे पेटते ते बहुतेक वेळा आपल्याच गल्लीत पेटते. बंद पडते ते आपले दुकान, गुन्हे दाखल होतात ते आपल्या पोरांवर, आणि तारखांना कोर्टाच्या पायऱ्या चढते ती कोणाची तरी आई. सर्वांत वाईट असे की जो 'थांबा' म्हणतो, त्यालाच आपण दलाल म्हणतो, विकला गेलेला म्हणतो. आपल्यातलाच एक तुकडा आपल्याला शत्रूसारखा दिसू लागतो. घरांतही हेच आहे. बांधाच्या वादात एका भावाने शिवी दिली, ती चूकच. पण पुढे वीस वर्षे दोन्ही घरच्या मुलांना ईदच्या दिवशी एकमेकांकडे जाता आले नाही, ती त्या शिवीची लांबी नव्हे.

आता उहुदकडे वळू या. हिजरी सन ३, म्हणजे इसवी सन ६२५. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मुखाला जखम झाली होती, दात तुटला होता. बुखारीतील कथनानुसार हजरत फातिमा (रजि.) रक्त धूत होत्या आणि हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी ओतत होते. पाण्याने रक्त वाढतेच आहे हे पाहून त्यांनी चटईचा तुकडा जाळला आणि त्याची राख जखमेवर दाबली, रक्त थांबले. मैदानात हजरत हमजा (रजि.) यांच्या देहाची विटंबना झालेली होती. तिर्मिजीतील हजरत उबई बिन कअब (रजि.) यांच्या कथनानुसार त्या दिवशी ६४ अन्सार आणि ६ मुहाजिर शहीद झाले, आणि शत्रूने त्यांचे अवयव कापले. तेव्हा अन्सारांनी निर्धार केला की असाच दिवस आमच्या हाती आला, तर आम्ही याहून वाढवून परत करू.

इथे अरबी शब्दाकडे लक्ष द्यावे. 'वाढवून देऊ' या अर्थी अन्सारांच्या तोंडी जे क्रियापद आले आहे, ते ज्या धातूपासून झाले आहे, त्याच धातूपासून 'रिबा' हा शब्द झाला आहे. रिबा म्हणजे व्याज. आपल्या मराठीतही रागावलेला माणूस सव्याज परत करीन, असेच म्हणतो. दोन भाषांना हे एकच कसे सुचले असेल? मदरशात हा धडा वाचताना माझ्या ध्यानात हे आले नव्हते. पुढे महाविद्यालयात मराठीच्या तासाला 'सव्याज' हा शब्द फळ्यावर आला आणि एकदम तिर्मिजीचे पान डोळ्यांपुढे उभे राहिले. पैशाचे व्याज हराम आहे, हे आपल्या लहान मुलालाही माहीत असते. जखमेवरच्या व्याजाचे काय?

पाच वर्षांनी, हिजरी सन ८ मध्ये, मक्का जिंकले गेले आणि 'असाच दिवस' खरोखर हाती आला. त्याच कथनात पुढे आहे की कोणी तरी म्हणाला, आजपासून कुरैश उरणार नाहीत. तेव्हा सूरह नहलची १२६वी आयत होती: शिक्षा करायची तर जेवढा त्रास तुम्हाला झाला तेवढीच करा, आणि संयम राखलात तर संयम राखणाऱ्यांसाठी तेच उत्तम, असा तिचा आशय. ही आयत केव्हा अवतरली याविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. परंतु उहुदच्या जखमेशी तिचे नाते जवळपास सर्वांनी सांगितले आहे. प्रेषितांनी (स.) चार व्यक्ती वगळता सर्वांना हात लावू नका, असा आदेश दिला. आयतीची रचना पाहा. ती जखमी माणसाचा हक्क नाकारत नाही. आधी हक्क मान्य करते, मग त्याचे माप ठरवते, आणि मग त्या मापाच्याही पलीकडचे काही त्याच्यासमोर ठेवते. हा क्रम महत्त्वाचा आहे.

कारण हा क्रम उलटा केला तर काय होते, तेही सांगितले पाहिजे, आणि इथे मला स्वतःविषयी बोलावे लागेल. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एका गरीब कुटुंबावर उघड अन्याय झाला होता. त्या जुम्याला मी सबरवर खुत्बा दिला. आयती बरोबर होत्या, हदीस बरोबर होत्या. नमाजनंतर त्या घरातील वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले आणि एवढेच म्हणाले, "मौलाना, आधी आमचं काय झालं ते तरी म्हणायचं होतं." मी त्यांच्या जखमेचे नाव न घेताच तिच्यावर झाकण ठेवले होते. ज्यांनी अन्याय केला, त्यांनाही तो खुत्बा फार आवडला असता.

वैद्यकाने ही चूक फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो. मग सूज दाबणारे स्टेरॉइड द्यावे, हे तर्काला धरूनच होते आणि कित्येक वर्षे जगभर ते दिले जात होते. शेवटी ४९ देशांतील रुग्णालयांत सुमारे दहा हजार रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. औषध मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांच्यातील प्रमाण १७.९ टक्के होते. मृत्यू नेमके कशाने वाढले हे त्या चाचणीने उलगडले नाही; पण बळजबरीने दाह दाबणे म्हणजे बरे करणे नव्हे, एवढे तिने ठरवून टाकले. आम्हा खतीबांनी ही आकडेवारी मिंबरजवळ लिहून ठेवावी, असे मला कधी कधी वाटते. जखमी समाजाला सबरचा डोस देणे सोपे असते, विशेषतः देणाऱ्याला स्वतःला जखम झालेली नसते तेव्हा.

मग मार्ग कोणता? याचे एक उत्तर मला शल्यचिकित्सकांच्या पद्धतीत दिसते. अनेक ठिकाणी मार लागलेल्या रुग्णावर पहिल्याच दिवशी सगळ्या मोठ्या शस्त्रक्रिया उरकण्याचा आग्रह पुष्कळ ठिकाणी मागे पडला आहे. आधी रक्त थांबवतात, मोडलेल्या हाडाला बाहेरून सळ्या लावून स्थिर करतात, आणि हाडात कायमची सळई घालण्याचे काम काही दिवस पुढे ढकलतात. पेटलेल्या शरीरावर मोठी शस्त्रक्रिया करणे हा त्यांच्या मते दुसरा आघात असतो. काम आवश्यक आहे, योग्य आहे, कुशल हातांनीच होणार आहे. फक्त आज नव्हे.

आपल्या शरिअतमध्ये हा विचार ठायी ठायी आहे. बुखारीतील हदीसनुसार न्यायाधीशाने क्रोधाच्या अवस्थेत दोघांमध्ये निवाडा करू नये. तो न्यायाधीश अप्रामाणिक आहे असे नव्हे. त्याच्याजवळचा कायदाही तोच आहे. तरीही त्या घटकेला त्याने हातोडा खाली ठेवायचा. भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे वैध नाही, असे हदीसमध्ये आले आहे. म्हणजे तीन दिवसांचा अबोला मानवी स्वभावाला मोकळा सोडला आहे. नातलगाच्या मृत्यूचा शोक तीन दिवस, पतीच्या मृत्यूनंतर चार महिने दहा दिवस. दुःख करू नका असे कोणी म्हटलेले नाही. दुःखाला मुदत दिली आहे. जखमेतील पहिल्या फळीच्या पेशी दोन-तीन दिवसांत ओसरतात आणि साफसफाई करणाऱ्या पेशी येतात, हे वाचल्यावर तीन दिवसांच्या हदीसशी त्याची सांगड घालण्याचा मोह मलाही झाला होता. तो मी आवरला. हदीसला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही, आणि उद्या प्रयोगशाळेने आकडा बदलला तर आपण काय करणार? साम्य विचारासाठी घ्यावे, पुराव्यासाठी नव्हे.

या साम्यालाही एक सीमा आहे. पेशीला नियत नसते. ती चुकून फुप्फुस जाळते तेव्हा ती गुन्हेगार नसते, तिला हिशेब द्यायचा नाही. आपल्याला द्यायचा आहे. पहिला संताप, अंगाला फुटलेला घाम, गळ्यात आलेला हुंदका हे आपल्या हाती नसतात आणि त्यांचा जाबही नाही, अशी मला आशा आहे. परंतु त्यानंतर जिना उतरून गाडीला किल्ली लावेपर्यंत जो वेळ जातो, तो आपला असतो. बलवान तो नव्हे जो दुसऱ्याला लोळवतो, तर क्रोधाच्या वेळी स्वतःला आवरतो तो, या आशयाची हदीस त्या वेळेविषयी आहे.

आता जे मला सर्वांत मोलाचे वाटते ते. दाह शांत होतो म्हणजे काय होते? इंधन संपले की आग विझते तसा तो आपोआप विझतो, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील चार्ल्स सेरहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून केलेल्या संशोधनातून निराळेच चित्र पुढे आले. दाह शमवण्यासाठी शरीर स्वतंत्र रसायने तयार करते. त्यांतील काही तर ज्या स्निग्धाम्लापासून सुरुवातीला आग पेटवणारी द्रव्ये झाली, त्याच स्निग्धाम्लापासून होतात. मेलेल्या पेशी उचलून नेणाऱ्या पेशी हे काम करता करता स्वतः बदलतात आणि शांततेचे संदेश सोडू लागतात. शांत होणे ही घटना नाही, ते काम आहे. त्याला मजूर लागतात, वेळ लागतो, सामग्री लागते.

सूरह शूराच्या ४०व्या आयतीत अपकाराचा बदला तेवढाच अपकार, असे सांगितल्यानंतर क्षमा करणाऱ्याचा उल्लेख येतो, तेव्हा नुसत्या क्षमेवर वाक्य थांबत नाही. 'अफा'च्या पुढे 'व अस्लह' आहे: क्षमा केली आणि सुधारणा केली, बिघडलेले नीट केले. मग त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे. मराठीत आपण 'सोडून दिले' म्हणतो आणि त्यालाच क्षमा समजतो. सोडून दिलेली जखम आत चिघळते. 'इस्लाह' म्हणजे पंचांना बसवणे, हिशेब मांडणे, ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळवून देणे, कायद्याच्या दारात जाणे, चूक करणाऱ्याकडून चूक वदवून घेणे. हे सारे शांततेचेच काम आहे. जो तक्रार नोंदवायला जातो तो सबर सोडत नाही.

आणि तरीही व्रण उरतो. पूर्ण भरलेल्या जखमेच्या जागची त्वचा मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्के बळापर्यंतच पोहोचते, असे वैद्यक सांगते. हजरत हमजा (रजि.) यांना ज्याच्या भाल्याने वीरमरण आले, तो वहशी पुढे इस्लाम स्वीकारून प्रेषितांसमोर (स.) आला. त्याचा इस्लाम स्वीकारला गेला, त्याच्या रक्ताची मागणी झाली नाही. परंतु बुखारीत आहे की प्रेषितांनी (स.) त्याला विचारले, तू आपला चेहरा माझ्या नजरेपासून दूर ठेवू शकशील काय? हे कथन मी वारंवार वाचतो. ज्यांना सर्व जगांसाठी रहमत म्हणून पाठवले गेले, त्यांनी माफ केले, आणि दुखते हे लपवले नाही. क्षमा केल्यावर काहीच वाटू नये, अशी अट आपण एकमेकांना, विशेषतः आपल्या घरातील स्त्रियांना घालतो. ती अट कुठून आली, कोण जाणे.

त्या दिवशी मी जिन्यातून खाली गेलो. फार काही बोललो नाही; माझ्या बोलण्याने कोणी थांबले असते असेही नाही. थोड्या वेळाने मुलाचा बाप स्वतः खाली आला. त्याने त्या पोरांपैकी दोघांच्या हातातून गाडीच्या किल्ल्या मागून घेतल्या, खिशात टाकल्या आणि म्हणाला, "वर या. त्याच्यापाशी बसायला माणूस नाही." ती मुले वर गेली. आठव्या दिवशी मुलगा अल्लाहला प्यारा झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

टेम्पोचालकावरचा खटला चालू आहे आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाईचा अर्जही आहे. बाप प्रत्येक तारखेला जातो. मागच्या महिन्यात असरनंतर मशिदीच्या पायरीवर चप्पल घालता घालता त्याने मला सांगितले की कोर्टाच्या आवारात त्या चालकाने पुढे येऊन सलाम केला. "मी जबाब दिला, मौलाना. पण माफ केलंय का विचाराल, तर अजून नाही." मग क्षणभर थांबून त्याने विचारले, "चालेल ना?"

मी म्हणालो, तारखेला जात राहा. पुढच्या वेळी मीही बरोबर येतो.